शोभेचा कांदा आणि थंडीचा हिशेब

कांदा म्हटला की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघर उभे राहते. गुलाब, शेवंती, झेंडू यांच्या पंक्तीस कांदा बसवावा आणि केवळ फुलांसाठी त्याची जोपासना करावी, ही कल्पना आपल्याकडे पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. तथापि समशीतोष्ण देशांतील उद्यानांत कांद्याच्या अनेक जाती केवळ शोभेसाठी कित्येक पिढ्या लावल्या जात आहेत. पुरुषभर उंचीच्या सरळ दांड्यावर जांभळ्या फुलांचा मुठीएवढा किंवा त्याहूनही मोठा गोल गेंद डोलताना पाहिला म्हणजे हे आपल्या कांद्याचेच भाऊबंद आहेत, यावर सहसा विश्वास बसत नाही.

ही चित्रे पाहून आपल्या अंगणातही असे कांदे लावावेत असा मोह बागेची आवड असणाऱ्यास होणे स्वाभाविक आहे. बंगळूर हे तर उद्यानांचे शहर म्हणून प्रसिद्ध. १७६० साली हैदर अलीने जिचा पाया घातला ती लालबाग तेथे आहे आणि प्रजासत्ताक दिन व स्वातंत्र्यदिन यांच्या सुमारास तेथे भरणारी पुष्पप्रदर्शने पाहण्यास दुरून लोक येतात. ह्याच शहराच्या पूर्वेस, जुन्या मद्रास रस्त्यावर, के. आर. पुरम म्हणजे कृष्णराजपुरम वसले आहे. २००७ साली हा भाग बंगळूर महानगरपालिकेच्या हद्दीत आला. येथील एखाद्या घराच्या अंगणात किंवा गच्चीवरील कुंड्यांत शोभेचा कांदा फुलू शकेल काय? प्रश्न लहानसा आहे. परंतु त्याचे उत्तर शोधताना वनस्पतीच्या जीवनातील दोन महत्त्वाचे नियम आपणांस समजावून घ्यावे लागतात. ते न समजता महागडे विदेशी कंद विकत घेणाऱ्याच्या पदरी बहुधा वर्षभराची प्रतीक्षा आणि चार पिवळी पाने एवढेच पडते.

कांद्याचे कुल आणि त्याचे फूल

कांदा, लसूण आणि त्यांचे आप्त यांच्या प्रजातीस शास्त्रीय भाषेत ॲलियम असे नाव आहे. कार्ल लिनीअस याने १७५३ साली आपल्या ग्रंथात कांदा व लसूण यांना दिलेली शास्त्रीय नावेच आजही प्रचलित आहेत. ह्या प्रजातीत आठशेहून अधिक जाती असून त्यांपैकी बहुतेक सर्व उत्तर गोलार्धात आढळतात. त्यांची सर्वांत दाट वस्ती नैऋत्य व मध्य आशियाच्या डोंगराळ, कोरड्या प्रदेशात आहे. आपल्या हिमालयातही काही जाती निसर्गतः उगवतात.

कांद्याचा फुलोरा चवरीसारखा असतो. पोकळ दांड्याच्या टोकाशी प्रथम एक पातळ, टोकदार पिशवी दिसते. ती फाटली की आतून शेकडो कळ्या बाहेर पडतात. प्रत्येक कळीचा देठ एकाच बिंदूपासून निघालेला असल्यामुळे सर्व फुले मिळून गोल गेंदाचा आकार धारण करतात. प्रत्येक फुलास सहा परिदले, सहा पुंकेसर आणि मध्यभागी तीन कप्प्यांचा किंजपुट असतो. पराग बाहेर पडून गेल्यावरच त्या फुलाची किंजल्क ग्रहणक्षम होते. त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलास पोहोचविण्याचे काम मधमाश्या व इतर कीटक यांना करावे लागते. सर्व फुले एकदम न उमलता क्रमाक्रमाने उमलतात. म्हणूनच एक गेंद दोनतीन आठवडे शोभा देतो.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यास हे फूल अपरिचित नाही. कांद्याच्या पिकात पोसण्याच्या काळातच फुलाचे दांडे वर आले की ‘डेंगळे आले’ असे तो म्हणतो आणि कपाळाला हात लावतो; कारण कांद्याने साठविलेले अन्न दांड्याच्या वाढीत खर्च होते आणि कांदा बाजारात विकण्यायोग्य राहत नाही. शेतकऱ्याच्या लेखी जो दोष, तोच बागवानाच्या लेखी शोभेचा कळस होय. दोघांचीही विचारणा मात्र एकच असते : दांडा केव्हा येतो आणि का येतो?

कंदाचे प्रयोजन

ज्याला आपण कांदा म्हणतो ते मूळ नव्हे. तळाशी असलेली चपटी चकती हे त्याचे खोड होय. त्या खोडावर पानांचे मांसल तळभाग एकाभोवती एक लपेटलेले असतात आणि त्यांत अन्न साठविलेले असते. बाहेरचे कागदासारखे पापुद्रे आतील ओलावा राखतात. मध्यभागी खोडाच्या टोकाशी एक सूक्ष्म अंकुर दडलेला असतो. तो अंकुर पुढे पानेच देणार की फूल देणार, हे त्याने भोगलेल्या ऋतूंवर अवलंबून असते.

ही सर्व व्यवस्था निर्माण झाली ती कठीण हवामानाला तोंड देण्यासाठी. मध्य आशियातील डोंगरउतारांवर हिवाळ्यात बर्फ पडते, वसंतात ते वितळून जमीन भिजते आणि उन्हाळ्यात सर्व काही करपून जाते. तेथील कांद्याला वाढीसाठी वसंताचे थोडेसेच आठवडे मिळतात. तेवढ्यात पाने काढणे, फुलणे, बी धरणे आणि अन्न साठविणे ही सारी कामे उरकून तो पुन्हा जमिनीखाली विश्रांती घेतो. हिवाळा संपण्यापूर्वी फूल बाहेर पडले तर ते गोठून जाईल. म्हणून थंडीचा पुरेसा काळ लोटल्याची खात्री पटेपर्यंत दांडा वाढवावयाचा नाही, असा बंदोबस्त त्या वनस्पतीच्या शरीरातच झालेला असतो.

थंडीचा हिशेब

थंडी भोगल्यानंतरच फुलावर येण्याच्या ह्या गुणधर्मास वासंतीकरण असे म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाव्ह गासनर यांनी १९१८ साली राय ह्या धान्यावर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. हिवाळी रायचे बी रुजताना त्यास थंडी मिळाली नाही तर रोपे वेळेवर ओंबीवर येत नाहीत, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे पुष्कळ वनस्पतींत हाच नियम आढळून आला.

कांद्याच्या कुळात ह्या नियमाचे दोन प्रकार दिसतात. आपल्या नेहमीच्या कांद्यात फुलाची कळी निर्माण होण्यासाठीच थंडी लागते. साधारणतः ५ ते १२ अंश सेल्सिअस तापमान काही आठवडे मिळाले की मधल्या अंकुराचे रूपांतर फुलाच्या कळीत होऊ लागते. याउलट, मोठ्या गेंदाच्या कित्येक शोभिवंत जातींत कळी उन्हाळ्यातील विश्रांतीच्या काळात कंदातच तयार होते. परंतु तिचा दांडा लांब होऊन वर येण्यासाठी त्यानंतर दीर्घकाळ थंडी मिळावी लागते. ती न मिळाल्यास तयार झालेली कळी आतल्या आत सुकून जाते.

थंडीचा परिणाम होण्यासाठी कंदाचे आकारमानही पुरेसे असावे लागते. अगदी लहान कांद्याला थंडीत ठेवले तरी तो फुलत नाही. तसेच थंडीनंतर लगेच फार उष्णता मिळाली तर झालेला परिणाम अंशतः पुसलाही जातो. म्हणजे किती थंडी, किती दिवस, केव्हा आणि कोणत्या आकाराच्या कंदाला, असा हा चौपदरी हिशेब आहे.

दिवसाची लांबी

दुसरा नियम प्रकाशाचा. गार्नर व ॲलार्ड ह्या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली असे सिद्ध केले की, अनेक वनस्पती दिवसाच्या लांबीवरून ऋतू ओळखतात. ह्या गुणधर्मास दीप्तिकालिता म्हणतात. कांद्याच्या बाबतीत दिवसाच्या लांबीचा मुख्य परिणाम फुलण्यावर नसून कंद पोसण्यावर होतो. उत्तरेकडील देशांतील कांद्यांना कंद धरण्यासाठी १४ ते १६ तासांचा दिवस लागतो. आपल्याकडील जाती ११ ते १२ तासांच्या दिवसातही कंद धरतात. म्हणूनच थंड देशातून आणलेले कांद्याचे बी आपल्याकडे पेरले तर पात भरघोस येते, परंतु कांदा धरत नाही.

बागवानाच्या दृष्टीने ह्याचा अर्थ असा की, कंदवर्गीय झाड एकदा फुलविणे आणि ते वर्षानुवर्षे टिकविणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फुलून गेल्यावर पुढील वर्षाचा कंद भरला नाही, तर झाड दरवर्षी क्षीण होत जाते.

के. आर. पुरमचे हवामान काय देते?

आता हे दोन्ही नियम आपल्या प्रश्नास लावून पाहू. बंगळूर सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. उंचीमुळे तेथील हवा सौम्य आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे सरासरी किमान तापमान १५ ते १६ अंशांच्या आसपास असते. १८८४ सालच्या जानेवारीत तापमान ७.८ अंशांपर्यंत उतरले होते. तोच तेथील नीचांक म्हणून नमूद आहे. म्हणजे वासंतीकरणास जे तापमान आठवडेच्या आठवडे हवे, ते तेथे क्वचित एखाद्या रात्री लाभते. विषुववृत्ताच्या सान्निध्यामुळे वर्षातील सर्वांत मोठा दिवसही तेथे १३ तासांच्या आतच संपतो.

पावसाचाही विचार केला पाहिजे. बंगळुरात मे महिन्यात वळवाच्या सरी येतात, त्यानंतर नैऋत्य मोसमी पाऊस आणि ऑक्टोबरात ईशान्य मोसमी पाऊस येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याचा जोर सर्वांत अधिक असतो. मध्य आशियातील कंदाला ज्या काळात कोरडी, कडक उष्णता हवी असते, नेमक्या त्याच काळात येथील तांबडी माती ओली असते. विश्रांती घेणारा कंद ओल्या मातीत कुजतो.

अशा स्थितीत इराण, अफगाणिस्तान व मध्य आशिया येथील ॲलियम जायगँटियम किंवा चांदण्यांसारख्या फुलांचा ॲलियम क्रिस्टोफाय येथे जमिनीत लावून फुलण्याची आशा धरणे व्यर्थ होय. शीतपेटीत तीनचार महिने ठेवलेला कंद एखादे वेळी फुलेलही. परंतु पुढच्या वर्षी तोच कंद पुन्हा फुलेल असे मानू नये. श्रीनगरच्या ट्यूलिप उद्यानात जे सहज साध्य होते ते बंगळुरात होत नाही, याचे कारण बागवानाच्या कौशल्यातील उणीव हे नव्हे. श्रीनगरला जो हिवाळा फुकट मिळतो तो येथे विजेच्या यंत्रातून विकत घ्यावा लागतो.

येथे फुलणारे कांदे

परंतु ह्यामुळे निराश होण्याचे कारण नाही. कांद्याच्या कुळात थंडीची मागणी कमी असणारी मंडळीही आहेत.

पहिला मान चिनी लसूण-पातीचा. हिचे शास्त्रीय नाव ॲलियम ट्यूबरोसम. १८२५ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या नावाशी योहान पेटर रॉटलर यांचे नाव जोडलेले आहे. ते तरंगमबाडी व मद्रास येथे राहून दक्षिण भारतातील वनस्पतींचा अभ्यास करणारे धर्मोपदेशक होते. हिची पाने चपटी, गवतासारखी असून त्यांस लसणीचा सौम्य वास येतो. सुमारे हातभर उंचीच्या दांड्यावर पांढऱ्या, चांदणीसारख्या फुलांचे झुपके येतात. उबदार हवेत ही वर्षभर हिरवी राहते आणि तिचे झुडूप विभागून सहज वाढविता येते. पाने खाण्याच्याही कामी येतात. मणिपुरात परसबागेतील नित्याच्या भाज्यांत हिला स्थान आहे.

दुसरी वनस्पती ट्यूलबॅगिया व्हायोलेशिया. ही ॲलियम प्रजातीची नव्हे, परंतु त्याच कुलातील जवळची नातेवाईक होय. ती मूळची दक्षिण आफ्रिकेची. केप वसाहतीचे डच गव्हर्नर टुलबाख यांच्या स्मरणार्थ लिनीअसने तिच्या प्रजातीला हे नाव दिले. तिची फिकट जांभळी फुले थंडीची वाट न पाहता वर्षातील बराच काळ येत राहतात. वाफ्याच्या कडेने लावण्यास ही उत्तम.

तिसरा आणि सर्वांत कमी खर्चाचा मानकरी म्हणजे आपला नेहमीचा कांदा. त्यातही बंगळुरच्या आसमंतातील गुलाबी कांदा, म्हणजे ‘बंगळूर रोझ’, येथे विशेष उपयोगी पडतो. के. आर. पुरमवरून पूर्वेकडे जाणारा रस्ता कोलारला जातो. त्या कोलारात, तसेच चिक्कबळ्ळापूर व बंगळूर ग्रामीण ह्या जिल्ह्यांत हा गर्द तांबडा, चपट्या बुडाचा, तिखट कांदा पिकतो. त्याला २०१५ साली भौगोलिक उपदर्शनाची मान्यता मिळाली. उष्ण प्रदेशातील जातींची थंडीची गरज उत्तरेकडील जातींपेक्षा कमी का असते, हे समजण्यास सोपे आहे. ज्या कांद्याला येथील सौम्य हिवाळा पुरला तोच फुलला. जो फुलला त्याचेच बी धरले गेले. आणि जे बी धरले गेले तेच शेतकऱ्याने पुढल्या वर्षी पेरले. कित्येक पिढ्या ही निवड चालल्यानंतर कांद्याचा हिशेब आणि तेथील हिवाळा यांचा मेळ बसला. विदेशी कंदाजवळ नेमकी हीच शिदोरी नसते.

लागवडीची रीत

पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कांदे लावावेत. काढणीनंतर निदान दोन महिने विश्रांती मिळालेले, मध्यम आकाराचे, टणक व निरोगी कांदे निवडावेत. बियाण्यासाठी कांदा लावताना महाराष्ट्रातील शेतकरी त्याचा वरचा सुमारे एक तृतीयांश भाग कापून टाकतात. त्यामुळे कोंब लवकर बाहेर पडतात. कापलेला भाग सुकल्यावरच कांदा मातीत ठेवावा.

कुंडी निदान २५ सेंटिमीटर खोल असावी. दोन भाग तांबडी माती, एक भाग वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले खत असे मिश्रण करावे. ताजे शेणखत वापरू नये. कांद्याचे तोंड मातीच्या पृष्ठभागालगत येईल इतपतच तो खोल लावावा. जमिनीत दोन कांद्यांत सुमारे ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे. दिवसातील निदान सहा तास ऊन मिळेल अशी जागा हवी. पाणी बेताने द्यावे आणि वरची माती सुकल्याखेरीज पुन्हा देऊ नये.

साधारणतः जानेवारी-फेब्रुवारीत दांडे वर येऊन फुले उमलतात. एकाच कांद्यातून अनेक दांडे निघतात. ते पोकळ असल्यामुळे वाऱ्याने मोडतात; म्हणून त्यांस बारीक काठीचा आधार द्यावा. पानांवर पांढुरके ठिपके दिसल्यास फुलकिडे आले असे समजावे. जांभळट, लांबट डाग दिसले तर तो करपा होय. रोगट पाने काढून नष्ट करावीत आणि पाणी पानांवर न ओतता बुडाशी द्यावे. घरात कुत्रा किंवा मांजर असल्यास ही झाडे त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावीत. कांदा-लसणीतील गंधकयुक्त द्रव्यांमुळे ह्या प्राण्यांच्या रक्तातील तांबड्या पेशींना इजा होते.

शाळेसाठी एक प्रयोग

वासंतीकरणाचा नियम शाळेच्या बागेतही पडताळून पाहता येतो. एकाच ढिगातील, सारख्या आकाराचे तीस कांदे घ्यावेत. सप्टेंबरच्या आरंभी त्यांपैकी दहा कांदे भोके पाडलेल्या कागदी पिशवीत घालून शीतपेटीच्या खालच्या कप्प्यात आठ आठवडे ठेवावेत. जवळ पिकलेली फळे ठेवू नयेत. त्यांतून निघणारा एथिलीन वायू कंदाच्या वाढीत बिघाड करतो. उरलेले वीस कांदे हवेशीर टोपलीत ठेवावेत. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शीतपेटीतील दहा आणि टोपलीतील दहा कांदे एकाच दिवशी, सारख्याच मातीत लावावेत. टोपलीतील शेवटच्या दहांपैकी जे टिकतील ते मार्चमध्ये लावावेत.

प्रत्येक कांद्यास क्रमांक द्यावा आणि कोंब केव्हा आला, दांडा केव्हा दिसला, दांडे किती आले ह्यांची नोंद वहीत ठेवावी. थंडी भोगलेल्या कांद्यांस दांडे लवकर व अधिक संख्येने येतील आणि मार्चमध्ये लावलेल्यांस मुख्यत्वे पानेच येतील, अशी अपेक्षा नियमावरून करता येते. ती कितपत खरी ठरते हे विद्यार्थ्यांनी स्वतः पाहावे. पहिल्या दोन गटांत थंडी ही एकच गोष्ट निराळी आहे, बाकी सर्व सारखे आहे. शास्त्रीय प्रयोगाचे सारे मर्म ह्या एका दक्षतेत आहे.

शेजारच्या शेताची जाणीव

आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. परदेशातून येताना सामानात चार कंद घालून आणणे पुष्कळांस निरुपद्रवी वाटते. परंतु कंदाबरोबर त्यास चिकटलेली माती, बुरशी व सूत्रकृमीही येतात. कांद्याच्या पांढऱ्या कुजीची बुरशी एकदा जमिनीत शिरली की तिचे खसखशीएवढे काळे कण वीस वीस वर्षे जिवंत राहू शकतात आणि त्या जमिनीत कांदा-लसूण घेणे दुरापास्त होते. म्हणूनच २००३ च्या वनस्पती-संगरोध आदेशान्वये परवान्याशिवाय आणि निरोगीपणाच्या दाखल्याशिवाय असे कंद भारतात आणता येत नाहीत. के. आर. पुरमच्या गच्चीवरील कुंडी आणि कोलारचे कांद्याचे शेत यांत अंतर फार नाही. कुंडीतील माती कोठेतरी टाकली जाते, पावसाचे पाणी वाहून जाते, रोपे हातोहात वाटली जातात. एका घरची हौस दुसऱ्या घरच्या पोटावर येऊ नये, एवढी काळजी बागवानाने घेतलीच पाहिजे.

सुदैवाने ह्या हौसेसाठी दूर जाण्याची गरजही नाही. बाजारातील दहा गुलाबी कांदे, चिनी लसूण-पातीचा एक झुपका आणि ट्यूलबॅगियाची चार रोपे एवढ्यावर के. आर. पुरमच्या अंगणातील एक वाफा बहुतेक वर्षभर फुललेला राहू शकतो. जानेवारीत लालबागेत पुष्पप्रदर्शन भरलेले असताना घरच्या कुंडीतही कांद्याचे पांढरे गेंद उमलू लागतात आणि मधमाश्या त्यांभोवती घोटाळू लागतात. झाड निवडण्यापूर्वी आपल्या गावचा हिवाळा किती थंड आणि दिवस किती मोठा हे ज्याने पाहिले, त्याला फुलांची वाट पाहत बसावे लागत नाही. ती आपल्या वेळेवर येतात.